गुरुवारचा पिझ्झा

नुन्त्सियाने डुकराच्या चरबीचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात झटकले. लढाईआधी तोफ जागेवर आणून लावावी, तसा तिचा आव होता.

"ऊठ, मार्ती," ती भावाला म्हणाली. "गाडी खाली उभी आहे. माझ्याकडे चल. माझ्या घरात तुला कुणी उकडलेला भोपळा घालणार नाही."

मार्तिनो उठला नाही, पण धड बसलेलाही नव्हता. खुर्चीच्या कडेवर टेकला होता, अंगात पातळ कोट, मांडीवर कपड्यांची बॅग आणि डोक्यावर टोपी. दुपारपासून तो असाच होता. छातीच्या दुखण्यानंतर इस्पितळातून घरी येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि तेवढ्यात त्याचं सात किलो वजन उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेला आहाराचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. मार्तिनो त्याला 'वॉरंट' म्हणायचा. पिझ्झा नाही, सलामी नाही, तळलेलं नाही, मीठ जवळजवळ नाही. "श्वास घेतलेला चालतो का, ते मागच्या पानावर असेल," असं म्हणून पहिल्या दिवशी त्याने जे ताट सरकवलं, ते रोज सरकवतच होता.

त्याची बायको एर्सिलिया सिंकपाशी पालेभाजी धूत उभी होती. तिने वळून पाहिलं नाही. नणंदेचा भावावर जीव होता याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. नुन्त्सियाचा तिच्या दोन्ही नवऱ्यांवरही असाच जीव होता. दोघेही तिच्या हातचं तळलेलं खाऊन, मिटक्या मारत, साठी गाठायच्या आत वर गेले होते.

"वन्सं, तुमच्याकडे गेला तर पंधरा दिवसांत मला पांढरी साडी..." असं काहीतरी म्हणायला मराठी नणंद-भावजयीला सोपं गेलं असतं. इटलीतल्या तोर्रे गावात साड्या नव्हत्या, आणि शोकाचे काळे कपडे नुन्त्सियाच्या अंगावर आधीच होते. एर्सिलिया एवढंच म्हणाली, "आज त्याच्या नावाचा सण आहे, नुन्त्सिया. जेवून तरी जाऊ दे."

"काय जेवून? भोपळा?"

"भोपळा," मार्तिनो छताकडे बघत म्हणाला. "बेचाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलो. अख्ख्या तोर्रेला खाऊ घातलं. आणि संत मार्तिनोच्या दिवशी, माझ्या नावाच्या दिवशी, मला भोपळा."

एवढ्यात दार उघडलं आणि मुलं आली. पुढे मुलगी लोरेदाना, दोन मजले खालीच राहणारी, म्हणून धाप न लागता आलेली. मागे मुलगा साबातिनो, बापाच्या जागी आता दुकान तोच चालवायचा. त्याच्या मागे त्याची बायको ओर्नेल्ला, एका हातात स्वयंपाकाचा वजनकाटा आणि दुसऱ्या हातात एवढा मोठा फुलकोबी. ओर्नेल्ला उत्तरेकडची, बेर्गामोची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण नुन्त्सिया अजून तिची ओळख 'परदेशातली सून' अशीच करून द्यायची.

"पप्पा, बॅग खाली ठेवा," ओर्नेल्ला म्हणाली. "डॉक्टरीणबाईंशी बोलले मी फोनवर. त्या म्हणाल्या, पिझ्झा चालेल."

खुर्ची करकरली. मार्तिनोच्या चेहऱ्यावर एकोणीस दिवसांनी लाली आली. "चालेल?"

"आठवड्यातून एकदा. दोन तुकडे. कोंड्यासकटचं पीठ, चीज नावापुरतं, भाजी भरपूर, मीठ कमी." ओर्नेल्लाने श्वास घेतला. "आणि घरी केलेला."

लाली आली तशी उतरली.

"घरी," मार्तिनो म्हणाला.

"घरी."

"साबातिनो, तुझ्या बायकोला सांग."

साबातिनोने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि मग फुलकोबीकडे पाहिलं. तिघांत तोच त्यातल्या त्यात सुरक्षित होता. "तिला माहीत आहे, पप्पा."

तिलाच काय, सगळ्या गल्लीला माहीत होतं. मार्तिनोचे वडील व्हितो यांनी दुकान काढलं तेव्हा भट्टीच्या तोंडावर उजवा हात ठेवून शपथ घेतली होती, की या भट्टीबाहेर भाजलेला पिझ्झा मी तोंडात घालणार नाही. त्यांनी ती मार्तिनोला घ्यायला लावली, मार्तिनोने साबातिनोला. भट्टी पेटलेली असतानाच हात ठेवायचा, असा दंडक होता. त्यामुळे शपथ लांबलचक नव्हती. पण काच्चापुओती घराण्यात लग्नाची वचनं मोडली, भागीदारीची मोडली, एका चुलत्याने तर धर्मगुरू व्हायचं वचन मोडून रेल्वेत नोकरी धरली. भट्टीची शपथ मात्र कुणी मोडली नव्हती.

"घरची भट्टी म्हणजे काय?" मार्तिनोने बोट उगारलं. "अडीचशे डिग्री! अडीचशे डिग्रीत मोजे वाळतात, पिझ्झा नाही होत."

"मग मेलेलं बरं का?" लोरेदाना म्हणाली.

"मरणार कशाला? माझ्याकडे येतोय तो," नुन्त्सिया म्हणाली आणि डब्यावर टिचकी मारली. "मी त्याला पिझ्झा तळून देईन. तळलेल्याला भट्टी लागत नाही, म्हणजे शपथही लागत नाही. आहे की नाही डोकं?"

मार्तिनोने बहिणीकडे अशा नजरेने पाहिलं, की एर्सिलियाने हातातली भाजी पुन्हा पाण्यात टाकली. ही नजर तिच्या ओळखीची होती. लग्नाआधी तो तिच्याकडे असाच बघायचा.

"आत्या, त्यात किती चरबी असते माहीत आहे का तुम्हाला?" ओर्नेल्लाने वजनकाटा टेबलावर आपटला, अगदी चरबीच्या डब्याला लागून. "तुम्ही नुसत्या बसा. मी आता करून दाखवते. पीठ नाही, यीस्ट नाही. फुलकोबीचा पिझ्झा."

खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली, तिचा आवाज पार चर्चपर्यंत ऐकू आला.

"कशाचा?" मार्तिनोने हळूच विचारलं.

"फुलकोबीचा."

"एर्सिलिया," मार्तिनो म्हणाला, "माझ्या गोळ्या कुठे आहेत?"

पण ओर्नेल्ला मागे हटणारी नव्हती. तिने फुलकोबी किसला, उकडला, फडक्यात बांधून साबातिनोकडून पिळून घेतला. तोर्रेतला सगळ्यात दणकट पिझ्झेवाला घामाघूम होऊन कोबी पिळत होता आणि बाप दुसरीकडे तोंड करून बसला होता. जावई असता तर एक वेळ बघवलं असतं. ओर्नेल्लाने त्यात अंडं घातलं, किसलेलं चीज घातलं, तोळामासा वजन करून मीठ घातलं, कागदावर थापलं आणि भट्टीत सारलं. पंचवीस मिनिटं सगळे काचेतून बघत होते. चौदाव्या मिनिटाला तो पांढरा गोल मधोमध खचला. विसाव्या मिनिटाला त्याला पाणी सुटलं. पंचविसाव्या मिनिटाला ओर्नेल्लाने तो बाहेर काढला, तेव्हा कागद आणि पिझ्झा यांचं असं काही जमलं होतं, की त्यांना वेगळं करणं पाप वाटावं.

नुन्त्सिया आधी नाकातून हसली, मग तोंडातून, मग सगळी हसली. खुर्चीसकट.

"यावर पोस्टाचा शिक्का मारून बेर्गामोला पाठवून दे गं," ती डोळे पुसत म्हणाली. "कागद लागलेलाच आहे."

ओर्नेल्लाचा चेहरा लाल झाला. "निदान मी काहीतरी केलं! तुमच्यासारखं माणसाला तळून मारायला नाही निघाले!"

"कोण मारतंय? साबातिनो, ऐकलंस? तुझी बायको मला खुनी म्हणाली!"

"आत्या, ती तसं नाही म्हणाली..."

"म्हणजे कसं म्हणाली?" ओर्नेल्ला नवऱ्यावर उलटली. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी कोबी पिळला ना!" साबातिनो ओरडला.

मार्तिनो उठला. बॅग उचलली. "चल, नुन्त्सिया."

एर्सिलियाच्या हातातली भाजी हातातच राहिली. तीन जिने उतरून तो गाडीत बसला, की पुन्हा तीन जिने चढणार नाही, हे तिला कळत होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात लोरेदाना फुटली. सगळ्यांच्या आरडाओरड्याने वैतागून, विचार न करता, लहानपणी रडवेली होऊन बोलायची तशी ती म्हणाली,

"मम्मा, कशाला हा तमाशा? तू कर ना तुझा गुरुवारचा!"

बोलली आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. साबातिनोने डोळे मिटले.

मार्तिनो दाराकडे निघाला होता, तो थांबला. "कोणता गुरुवारचा?"

लोरेदाना आईच्या मागे सरकली.

"आज गुरुवार आहे," मार्तिनो म्हणाला. "गुरुवारचं काय? एर्सिलिया?"

एर्सिलियाने हात पुसले. एप्रन सरळ केला. एक खोटं तिला सुचलं होतं, चांगलं, मासळीच्या कालवणाचं. पण सत्तेचाळीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला खोटं बोलायचाही एक दिवस कंटाळा येतो.

"पिझ्झा," ती म्हणाली. "गुरुवारी मी पिझ्झा करते."

मार्तिनोने बॅग खाली ठेवली. टोपी काढली. त्याचा आवाज एकदम शांत झाला, आणि तोच जास्त भीतिदायक होता.

"कधीपासून?"

"लोरेदानाला दात आले तेव्हापासून."

"चाळीस वर्षं!" त्याने भिंतीला हात टेकला. "चाळीस वर्षं माझ्या पाठीमागे! कुठे? इथे? याच घरात?"

"मग कुठे, मार्ती? स्टेशनवर?"

"याच टेबलावर?"

"याच टेबलावर."

"मी तिकडे दुकानात भट्टीपुढे भाजून निघतोय, आणि इकडे माझी बायको..." त्याने टोपी टेबलावर आपटली. "आणि आजच कळावं! संत मार्तिनोच्या दिवशी!"

साबातिनोला खोकल्याची उबळ आली. संत मार्तिनोचा दिवस हा बायकोने फसवलेल्या नवऱ्यांचाही सण, असं सगळ्या इटलीत मानतात. का, ते कुणाला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मार्तिनो नावाच्या माणसाला दोन्ही अर्थांनी शुभेच्छा मिळतात, आणि तो बिचारा सत्तर वर्षं त्या हसून घेत आला होता.

"पोरं लहान होती," एर्सिलिया म्हणाली. "तू दुपारी जायचास तो मध्यरात्री यायचास. गल्लीतली सगळी मुलं तुझ्या दुकानात पिझ्झा खायची, आणि पिझ्झेवाल्याची पोरं घरी डाळ खायची. दुकानात आणलं तर म्हणायचास, गिऱ्हाइकाची खुर्ची अडते. एके दिवशी लोरेदाना रडली. मी पीठ मळलं. झालं."

"आणि तू?" मार्तिनो मुलाकडे वळला. "तू शपथ घेतली आहेस!"

"मी तेव्हा सात वर्षांचा होतो, पप्पा!"

"शपथेनंतर?"

साबातिनोने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "शपथेनंतर... एखाद्‌दोन वेळा."

"मागच्या गुरुवारी चार तुकडे खाल्लेस, पप्पा घरी म्हणून खाली माझ्याकडे भाजला तेव्हा," लोरेदाना म्हणाली. आता बुडायचंच आहे तर सगळे मिळून बुडू, असा तिचा एकंदर सूर होता.

"मागच्या गुरुवारी?" हा आवाज ओर्नेल्लाचा होता. "गुरुवारी तू व्यायामशाळेत जातोस!"

साबातिनो टेबलाच्या पलीकडे सरकला.

"तीन वर्षं तू दर गुरुवारी व्यायामशाळेत जातोयस! मी तुला दर गुरुवारी धुतलेला टॉवेल देते! तो तू ओला करून आणतोस!"

"मम्माच्या नळाखाली," लोरेदाना म्हणाली.

इथे पक्ष बदलले. आतापर्यंत ओर्नेल्ला एकीकडे आणि नुन्त्सिया दुसरीकडे होती. आता ओर्नेल्ला तरातरा जाऊन सासऱ्याच्या बाजूला उभी राहिली. नुन्त्सिया आधीच तिथे होती. फसवल्या गेलेल्यांचा असा तिघांचा गट झाला. नुन्त्सियाने परदेशातल्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"रड, पोरी," ती म्हणाली. "मला तर कुणी बोलावलंही नाही."

एर्सिलियाने नणंदेकडे रोखून पाहिलं. "नुन्त्सिया."

"काय?"

"तुझा दुसरा नवरा गेला, त्या हिवाळ्यात तू दर गुरुवारी कुठे जेवायचीस?"

नुन्त्सियाने सुनेच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "मी दुःखात होते," ती म्हणाली. "दुःखात माणूस समोर येईल ते खातं."

"म्हणजे सगळ्यांनी!" मार्तिनोने दोन्ही हात वर केले. "अजून कोण? सांगून टाक. फादर आन्सेल्मो?"

"घर पवित्र करायला आले होते. वास आला त्यांना. नाही कसं म्हणू?"

"तळमजल्यावरचा चांभार?"

"त्याला फक्त कडा आवडतात."

मार्तिनो खुर्चीत बसला. हसावं की रागवावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो रागवायचं तेवढं रागवत राहिला. "बरं झालं, माझा बाप हे बघायला नाही. त्याने शपथेपायी हॉटेलातसुद्धा पाय ठेवला नाही कधी."

एर्सिलियाने मुलांकडे पाहिलं. दोघंही मान हलवत होती, नको, नको. पण आता घराची इतकी दारं उघडली होती, की एक बंद ठेवण्यात अर्थ नव्हता.

"मार्ती," ती म्हणाली, "ज्या ट्रेमध्ये मी भाजते, तो तुझ्या बापानेच आणून दिला."

"काय?"

"त्यांना साखरेचा आजार झाला, दात गेले. दुकानातला पिझ्झा चावेना, आणि तुला सांगायची लाज. एका गुरुवारी इथे आले, पोरांच्या ताटाकडे बघत बसले. मी म्हटलं, बाबा, शपथ आहे तुमची. ते म्हणाले, 'एर्सिलिया, भट्टीच्या फरशीवर नाही, ट्रेमध्ये भाजतेस ना? मग ही भाकरी. भाकरीबद्दल मी भट्टीला काहीही बोललो नाही.' पुढच्या वेळी हे घेऊन आले." तिने कपाटाच्या वरून, नाताळच्या देखाव्याच्या खोक्यामागून, काळं कुळकुळीत गोल तबक काढलं. "शेवटची सहा वर्षं यातलंच खाल्लं त्यांनी."

मार्तिनो तबकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाकरी! टोमॅटो घातले, वर चीज घातलं, की तो पिझ्झा. बापाने काही का म्हणेना." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "त्यांची शपथ त्यांच्याबरोबर गेली. माझी अजून जिवंत आहे. मी मार्तिनो काच्चापुओती. मी घरातला पिझ्झा खात नाही."

आणि बॅग तिथेच टाकून तो दाराबाहेर पडला. चपला घसटत जिना उतरल्याचा आवाज आला.

"पप्पा! जिना!" साबातिनो धावला.

"राहू दे," एर्सिलिया म्हणाली.

"अगं मम्मा, ते दुकानात जातील! पोऱ्यांना सांगून डबल चीजचा..."

"राहू दे म्हटलं ना. घरातल्या चपला घालून गेलाय. त्या घालून तो दुकानात जायचा नाही, मेला तरी." ती क्षणभर थांबली, तिचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नव्हता. उतरताना काही नाही, चढताना छातीवर येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काळजीच्या वेळी हातांना काम द्यावं, हे ती आईकडून शिकली होती. ती निजायच्या खोलीत गेली आणि कपड्यांचं कपाट उघडून, मार्तिनोच्या जाड कोटाखालून, फडक्याने झाकलेलं पातेलं काढून आणलं.

"म्हणून पप्पांच्या कोटाला बेकरीचा वास येतो!" ओर्नेल्ला म्हणाली.

"काल रात्रीच मळून ठेवलंय. अर्धं कोंड्याचं पीठ, अर्धं साधं. यीस्ट वाटाण्याएवढं. जितकं कमी घालशील तितका वेळ दे, मग पोटाला जड नाही जात." एर्सिलियाने फडकं काढलं. पीठ फुगून काठापर्यंत आलं होतं, वर बुडबुडे. "ये इकडे. तुझा काटा आण. मीठ मी अंदाजाने घालते, ते आता चालणार नाही. मोजून दे मला."

ओर्नेल्ला जागची हलली नाही. मग नाक ओढून पुढे आली आणि तिने काटा सरकवला. दोघींनी मिळून तबकाला तेलाचं बोट फिरवलं. एर्सिलियाने पीठ बोटांच्या टोकांनी दाबत दाबत पसरलं. ऑगस्टमध्ये बाटल्यांत भरून ठेवलेले टोमॅटो हाताने कुस्करले. धुतलेली पालेभाजी लसणावर परतून, पाणी पूर्ण आटवून वर घातली.

"तुझा फुलकोबीही वाईट नव्हता," ती हळूच म्हणाली. "पाणी राहिलं त्यात. पिळणारा कामचुकार होता."

ओर्नेल्लाला हसू आलं. साबातिनो काही बोलणार होता, पण त्याने टॉवेलची आठवण ठेवून तोंड मिटलं.

मग चार-पाच काळी ऑलिव्ह, चिमूटभर ओरेगानो आणि मोझारेल्लाच्या जागी सुकलेल्या चीजचा मूठभर कीस. दुकानातल्या एका पिझ्झ्याच्या पैशात सहा माणसं जेवतील, असा हा हिशेब होता. याच हिशेबावर तिने दोन पोरं वाढवली होती. तबक आत गेलं. हळूहळू लसणाचा आणि भाजत्या पिठाचा वास सुटला, खोली भरून दाराच्या फटीतून जिन्यात गेला.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. लोरेदाना खिडकीतून रस्ता बघून आली. "दिसत नाहीत गं."

एर्सिलियाने तबक बाहेर काढलं. कापायला सुरी घेतली आणि तशीच उभी राहिली.

दाराची घंटा वाजली.

मार्तिनोकडे किल्ली होती. चाळीस वर्षांत त्याने स्वतःच्या घराची घंटा कधी वाजवली नव्हती. एर्सिलियाने जाऊन दार उघडलं.

दारात मार्तिनो उभा होता. टोपी उलटी घातली होती, चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि कोटाची कॉलर कानापर्यंत वर केली होती. धाप लागली होती, पण फार नाही.

"नमस्कार, बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी गॅसकंपनीचा माणूस. मीटर बघायचाय. मालक आहेत का घरात?"

मागे टेबलापाशी कुणीतरी खुदकन हसलं. एर्सिलियाने ओठ आवळले.

"नाही हो," ती म्हणाली. "मालक बाहेर गेलेत. रागावून."

"कधी येतील?"

"त्यांचा काही नेम नाही. तापट माणूस आहे."

"असं ऐकलंय खरं." गॅसवाल्याने पायपुसण्यावर चपला पुसल्या. "मग मी तेवढ्यात उरकून घेतो."

"अरे, हा तर मार्तिनोच..." नुन्त्सिया उभी राहिली आणि लगेच किंचाळून खाली बसली. टेबलाखाली ओर्नेल्लाचा पाय फार चपळ होता.

"मीटर स्वयंपाकघरातच आहे," एर्सिलिया म्हणाली. "पण आम्ही आता जेवायलाच बसतोय. आमच्या घरी आलेलं माणूस उपाशी जात नाही. दोन तुकडे खाऊन घ्या."

"कामावर असताना खायचं नाही, असा नियम आहे," गॅसवाला म्हणाला आणि मार्तिनोच्या खुर्चीवर बसला.

तिने ताट वाढलं. त्याने आधी तुकडा उलटा करून खालची बाजू पाहिली. बोटाने ठोकून आवाज ऐकला. कड मोडून आतली जाळी दिव्याखाली धरली. मग खाल्ला. हळूहळू चावत, भिंतीकडे बघत. दुसराही खाल्ला. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदाच त्याचं ताट रिकामं झालं होतं. एर्सिलिया सिंकशी गेली आणि काही कारण नसताना नळ सोडला, म्हणजे तिचा चेहरा कुणाला दिसू नये.

"कड जराशी चिवट आहे," गॅसवाला म्हणाला.

"कोंड्याच्या पिठाची तशीच होते," ती पाठमोरीच म्हणाली.

"पाणी दोन चमचे जास्त घाला. बाकी..." त्याने घसा खाकरला. आवाजातला घोगरेपणा कुठेतरी गळून पडला होता. "खालची भाजणी बरोबर आहे. इतक्या कमी आचेत अशी भाजणी मी बघितली नाही. कुणी शिकवलं तुम्हाला, बाई?"

"नवऱ्याने."

"त्याने कधी शिकवलं? तो तर घरी..."

"तो मध्यरात्री यायचा आणि अंथरुणात पडल्या पडल्या बडबडायचा. आज पीठ रुसलं, आज हवा दमट होती, पाणी कमी हवं होतं, आच अशी लागली. त्याला वाटायचं, मी झोपले." एर्सिलियाने नळ बंद केला. "मी सगळं ऐकायची."

गॅसवाल्याने टोपी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा घातली. या वेळी सुलटी.

मग त्याचा हात तिसऱ्या तुकड्याकडे गेला. एर्सिलियाने वळून त्यावर चमचा मारला. "गॅसवाल्यांना दोनच."

"कंपनीचा नियम?"

"डॉक्टरीणबाईंचा."

तो उठला. साबातिनोच्या डोक्यावर एक टपली मारली, जशी कुठलाही गॅसवाला मारणार नाही. चरबीचा डबा उचलून त्याने नुन्त्सियाच्या मांडीवर ठेवला. "बाई, तुमचं सामान विसरू नका." दारापाशी जाऊन तो थांबला.

"मीटर जुना झालाय तुमचा," तो म्हणाला. "लक्ष ठेवावं लागेल. दर गुरुवारी येऊन तपासून जाईन."

"या. पण जिने हळू चढा."

दार लागलं. आतल्यांनी कान दिले. पावलं खाली गेली नाहीत. जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबली, मिनिटभर तिथेच उभी राहिली आणि मग परत वर आली. कुलपात किल्ली फिरली. मार्तिनो आत आला, डोळ्यांवर चष्मा, कॉलर नीट, कपाळाला आठ्या. त्याने कोपऱ्यातली बॅग उचलली आणि निजायच्या खोलीकडे निघाला.

मध्येच थांबून त्याने हवेत नाक फिरवलं.

"कसला वास येतोय घरात?"

"कसला नाही," एर्सिलिया म्हणाली. "गॅसवाला येऊन गेला."